सीलबंद पाकिटातले विज्ञान

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘अलीकडचे संशोधन’. भौतिकी, खगोल, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र असे सगळेच त्यात यावे, अशी त्यांची इच्छा. तासाभरात यादी वाचून होईल, पण यादी ऐकण्यासाठी कुणी आपली संध्याकाळ खर्ची घालू नये. मी संख्याशास्त्राचा शिक्षक. एखादा निष्कर्ष कानावर आला की तो खरा की खोटा याआधी तो काढला कसा, हे विचारायची मला खोड आहे. तेव्हा या चारही शास्त्रांत गेल्या काही वर्षांत माणसांनी स्वतःच्याच इच्छेपासून स्वतःला कसे वाचवले, एवढ्याच गोष्टीबद्दल मी बोलणार आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या फर्मिलॅबपासून करू. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचाच जातभाई, पण सुमारे २०७ पट जड. जन्मला की सेकंदाच्या सुमारे २.२ दशलक्षांश एवढ्या वेळात त्याचा खेळ संपतो. तेवढ्या आयुष्यात त्याला चुंबकीय क्षेत्रात फिरवले, तर त्याच्या स्वतःच्या चुंबकत्वाची दिशा ठरावीक गतीने वळत जाते. ही गती अतिशय काटेकोरपणे मोजली आणि सैद्धांतिक गणिताशी ताडून पाहिली, की निसर्गात आपल्याला ठाऊक नसलेले कण आहेत की नाहीत याचा सुगावा लागू शकतो. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनमध्ये हे मोजमाप आधी झाले होते आणि त्यात सिद्धांताशी थोडी तफावत दिसली होती. ती खरी आहे का हे पाहण्यासाठी तिथले पंधरा मीटर व्यासाचे चुंबकीय कडे २०१३ साली बार्जवर चढवून, फ्लोरिडाला वळसा घालून, मिसिसिपी नदीतून फर्मिलॅबला आणले. न वाकवता आणायचे होते, म्हणून एवढा द्राविडी प्राणायाम.

आता गंमत पाहा. ज्यांनी हे कडे आणले, ज्यांची उमेदीची वर्षे त्यात गेली, त्यांनाच उत्तर काढायचे होते. ब्रुकहेवनचा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ. आपला आकडा त्याच्याशी जुळला तर जगभर गाजावाजा होणार, नाही जुळला तर सगळा खटाटोप पाण्यात गेल्यासारखा वाटणार. अशा माणसांच्या हाती विश्लेषण द्यायचे कसे? त्यांनी तोडगा काढला तो घड्याळाचा. सगळी मोजमापे ज्या घड्याळावर होत होती, त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे चार कोटी होती. पण नेमकी किती, हे गटाबाहेरच्या दोघांनी ठरवले आणि तो आकडा पाकिटात बंद करून ठेवला. गटातल्या कुणालाही तो माहीत नव्हता. त्यामुळे गती तर निघत होती, पण कुठल्या एककात हेच कळत नव्हते. आकडा हाती असूनही त्याची तुलना करता येत नव्हती. तरीही प्रत्येक दुरुस्ती, अनिश्चिततेचा प्रत्येक अंदाज, कुठला विदा ठेवायचा आणि कुठला टाकायचा, हे सगळे तशाच अंधारात ठरवावे लागले.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी, करोनाच्या दिवसांत, झूमवर सगळे जमले आणि पाकीट उघडले गेले. खरी कंपनसंख्या गणितात घातली आणि आकडा ब्रुकहेवनच्या शेजारीच येऊन बसला. ७ एप्रिलला जगाला सांगितले गेले: दोन्ही प्रयोग मिळून सिद्धांतापासूनचे अंतर ४.२ सिग्मा. म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता चाळीस हजारांत एक. वर्तमानपत्रांनी ‘नवे भौतिकशास्त्र’ अशा ओळी छापल्या. भौतिकीतला रिवाज मात्र पाच सिग्माचा, म्हणजे सुमारे पस्तीस लाखांत एक. म्हणून ज्यांनी मोजले ते गप्प राहून पुढचे मोजत राहिले.

पुढे काय झाले, हे मथळ्यांत फारसे आले नाही. जून २०२५ मध्ये फर्मिलॅबने अखेरचा निकाल दिला. अचूकता एक अब्जात १२७ भाग, आणि आकडा जवळजवळ होता तिथेच. सरकला तो सिद्धांत. संगणकांवर नव्या पद्धतीने केलेल्या गणितांनी सैद्धांतिक मूल्य प्रयोगाच्या जवळ आणून ठेवले, आणि २०२५ मध्ये सिद्धांतकारांच्या मोठ्या गटाने जे मूल्य स्वीकारले त्यात तफावत उरलीच नाही. ज्या प्रयोगाकडून नव्या कणांची वार्ता येईल अशी आशा होती, त्याने जुन्या सिद्धांतालाच बळकटी दिली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या उलथापालथीत ‘प्रयोगकर्त्यांनी आकडा हवा तसा वळवला’ असे म्हणायला कुणालाही जागा राहिली नाही. ती जागा त्या पाकिटाने बंद केली होती.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक झाकून, तिला सांकेतिक क्रमांक देऊन ती परीक्षकाकडे पाठवायची, ही आपल्या विद्यापीठांतली जुनी पद्धत. परीक्षक लबाड असतो म्हणून हे करतात असे नाही. आवडत्या विद्यार्थ्याचे अक्षर ओळखले की अर्धवट उत्तरही पूर्ण वाटू लागते, आणि ते आपल्याला कळतही नाही, म्हणून करतात.

हीच पद्धत शास्त्रात कधी आली याची एक नोंद पॅरिसची आहे. १७८४ साली तिथे फ्रान्झ मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’चे वेड पसरले होते. राजाने समिती नेमली. तीत रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये होते आणि त्या वेळी पॅरिसला राहणारे बेंजामिन फ्रँकलिनही होते. फ्रँकलिन यांच्या पासी इथल्या बागेत एक झाड ‘भारून’ ठेवले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आत आणले. एकेका झाडाला मिठी मारायला सांगितले. पहिल्या झाडापाशी त्याला घाम आला, पुढे पुढे त्रास वाढत गेला, आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड तिथून चोवीस फुटांवर होते. मुलगा ढोंग करत नव्हता, त्याला खरोखरच ग्लानी आली होती. त्याच्या अंगावर परिणाम झाला तो त्याच्याच अपेक्षेचा. समितीने तिथे डोळे बांधले ते मुलाचे. शास्त्रज्ञाचेही डोळे बांधायला हवेत हे उमगायला आणखी बराच काळ जावा लागला.

ते का हवेत, हे भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांच्या उदाहरणावरून कळते. १९१०च्या दशकात त्यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. हवेच्या विष्यंदितेचा आकडा थोडा चुकीचा धरल्यामुळे उत्तर जरासे कमी आले. पुढच्या लोकांची उत्तरे एकदम खऱ्या आकड्यावर गेली नाहीत. ती हळूहळू, पायरीपायरीने वर चढली. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलटेकच्या पदवीदान समारंभात हे उदाहरण देऊन कारण सांगितले: मिलिकनपेक्षा फार मोठे उत्तर आले की संशोधक चूक शोधायला बसत, जवळपास आले की शोधणे थांबवत. यात कुणी खोटे लिहिले नाही. नको असलेल्या उत्तराची जेवढी कसून तपासणी झाली, तेवढी हव्या असलेल्या उत्तराची झाली नाही, एवढेच.

आता आकाशाकडे वळू. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगोच्या मंडळींनी या शिस्तीची जी परीक्षा स्वतःवर घेतली, तिच्यासारखी दुसरी मला ठाऊक नाही. १६ सप्टेंबर २०१० रोजी हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन्ही उपकरणांत एक देखणा संकेत उमटला. दोन जड वस्तू एकमेकींभोवती फिरत एक झाल्या की जसा उमटावा तसाच. दिशा बृहल्लुब्धक तारकासमूहाकडची वाटली, म्हणून त्याचे लाडके नाव पडले ‘बिग डॉग’. दुर्बिणींना निरोप गेले. नुसत्या गोंगाटातून असा संकेत उमटायला सरासरी सात हजार वर्षे लागतील, असे गणित आले. शोधनिबंध लिहून तयार झाला, एकेका वाक्यावर महिनोन्‌महिने वाद झाले. आणि या सगळ्या काळात प्रत्येकाला माहीत होते की मोजक्या दोनचार जणांना गुपचूप खोटा संकेत घुसवण्याची मुभा दिलेली आहे. हा तोच असू शकतो.

१४ मार्च २०११ रोजी कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया इथे सुमारे तीनशे शास्त्रज्ञ सभागृहात जमले, आणखी कित्येक जण दूरवरून जोडले गेले. ‘पाकीट’ उघडले. संकेत खोटा होता, मुद्दाम घातलेला. शोधनिबंध कपाटात गेला. एवढी मेहनत कशासाठी, असे कुणालाही वाटेल. पण त्या दिवशी दोन गोष्टी सिद्ध झाल्या. खरा संकेत आला तर ही यंत्रणा तो पकडेल, आणि तो पकडल्यावर ही माणसे घाई करणार नाहीत. शिवाय काही चुकाही सापडल्या, त्या दुरुस्त झाल्या.

साडेचार वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, खरा संकेत आला. जर्मनीत हॅनोव्हरला संगणकाच्या पडद्यावर तो ज्याने पहिल्यांदा पाहिला, त्याच्या मनात आधी आले ते हेच की हा घुसवलेला असणार. चौकशी झाली. त्या वेळी तशी कुठलीच यंत्रणा चालू नव्हती. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या काही हजाराव्या हिश्श्याइतका बदल झाला होता, आणि तो घडवणारी कृष्णविवरे सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर होती. तरीही घोषणा व्हायला ११ फेब्रुवारी २०१६ उजाडले. गोंगाटात दडलेला संकेत आधी तयार ठेवलेल्या नमुन्याशी ताडून शोधायचा, या पद्धतीच्या उभारणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. आणि लायगोचे भारतातले उपकरण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहायचे आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. उद्या मराठवाड्यातली मुले तिथे कामाला लागतील, तेव्हा लेसर आणि आरसे यांच्याबरोबर ही शिस्तही त्यांना शिकावी लागेल.

संयमाचे एक उदाहरण तर आपल्या घराशेजारचे आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. तिथून स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांची जी निरीक्षणे घेतली, ती युरोपीय निरीक्षणांशी जोडून जून २०२३ मध्ये फार संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला गेला. अमेरिका, चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनीही त्याच सुमाराला आपापले निकाल दिले. सगळ्यांचे सूर जुळत होते, तरी त्यांनी ‘पुरावा’ हाच शब्द वापरला. ‘शोध लागला’ असे म्हटले नाही, कारण पाच सिग्मा झाले नव्हते.

या पद्धतीने सत्य आपोआप हाती येते, असे कुणाला वाटत असेल तर तो भ्रम मात्र दूर करायला हवा. २०११ साली इटलीतल्या ग्रान सासोच्या ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले की सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो हे कण ७३० किलोमीटरचे अंतर प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी कापतात. आइन्स्टाइन चुकले, अशा बातम्या झाल्या. या गटानेही विश्लेषण डोळे बांधूनच केले होते. जुनी, कालबाह्य विलंबमूल्ये वापरून गणित पुरे केले आणि खरी मूल्ये अखेरीस घातली. पण एका प्रकाशीय तंतूची जोडणी पुरती घट्ट बसलेली नव्हती. पाकीट माणसाच्या इच्छेवर पहारा ठेवते, सैल जोडणीवर नाही. ती चूक पकडली ती पुन्हा केलेल्या तपासणीने, आणि त्याच प्रयोगशाळेतल्या इकारस या दुसऱ्या गटाच्या स्वतंत्र मोजमापाने.

मग पाकिटाचा उपयोग काय? माझ्या मते खरा उपयोग मतभेदाच्या वेळी कळतो. २०२२ साली फर्मिलॅबच्या सीडीएफ गटाने डब्ल्यू बोसॉन या कणाचे वस्तुमान ८०,४३३ एमईव्ही असल्याचे सांगितले, सिद्धांताहून ठळकपणे जास्त. २०२४ मध्ये सर्नच्या सीएमएस गटाने ८०,३६० काढले, सिद्धांताला धरून. दोघांची अनिश्चितता दहाच्या आसपास, आणि दोघांनीही उत्तर स्वतःपासून लपवून ठेवून काम केले होते. त्यामुळे ‘तुम्हाला हवे ते तुम्ही पाहिलेत’ हा आरोप कुणालाच करता येत नाही. उरतात त्या उपकरणांतल्या आणि गणितातल्या शोधण्याजोग्या चुका, किंवा निसर्गातले काही नवे.

विश्वाच्या प्रसरणाच्या वेगाचेही तसेच आहे. प्लांक उपग्रहाने टिपलेल्या आदिम प्रारणावरून तो मेगापार्सेकला सेकंदाला ६७.४ किलोमीटर निघतो. दूरच्या क्वेसारांच्या प्रकाशाला वाटेतल्या दीर्घिका वळवतात, त्यावरून एका गटाने २०१९ मध्ये ७३.३ काढला. जेम्स वेब दुर्बिणीच्या साह्याने वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने ७० च्या आसपास काढला. शेवटच्या दोन्ही गटांनी आकडा झाकून ठेवून विश्लेषण केले होते, आणि तरीही त्यांचे आकडे वेगळे आले. ॲरिझोनातल्या डेसी उपकरणाची कथा याच वळणाची. पाच हजार प्रकाशीय तंतू यंत्रमानवांनी हलवत त्याने तीन वर्षांत सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार नोंदले. त्यांच्या नोंदींत मुद्दाम फेरफार करून ठेवला होता, म्हणजे विश्लेषकाला उत्तर कळू नये. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सांगितले, की इतर निरीक्षणांशी सांगड घातल्यास विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असावी असा कौल २.८ ते ४.२ सिग्मांच्या दरम्यान मिळतो. तो टिकला तर विश्वाच्या भवितव्याचे चित्र बदलेल. नाही टिकला तरी कुणी ओशाळण्याचे कारण नाही.

अभियांत्रिकीत डोळे बांधायची सोय नसते. यंत्र चालते किंवा चालत नाही. तिथे प्रामाणिकपणा दुसऱ्या मार्गाने येतो: काय होईल ते आधी लिहून ठेवायचे. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेसर किरणांनी दोनेक मिलिमीटरच्या कुपीतले हायड्रोजनचे समस्थानिक दाबून अणुसंमीलन घडवतात. आधीच्या संगणकी गणितांनी २०१२ पर्यंत प्रज्वलन होईल असे भाकीत केले होते. त्या वर्षी मोहीम संपली, प्रज्वलन झाले नाही. भाकीत लेखी होते, त्यामुळे अपयशही लेखी राहिले, आणि गणित कुठे चुकते हे शोधणे भाग पडले. ५ डिसेंबर २०२२ रोजी लक्ष्यावर लेसरची २.०५ मेगाजूल ऊर्जा पडली आणि ३.१५ बाहेर आली. या वेळी, प्रयोगाच्या आधी, तिथल्याच नव्या प्रारूपाने यशाची शक्यता ७४ टक्के सांगितली होती. आता हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते लेसर चालवायला विजेच्या तारेतून सुमारे ३०० मेगाजूल घ्यावे लागतात. वीजनिर्मिती अजून लांब आहे. ‘सूर्य पृथ्वीवर आणला’ अशी ओळ लिहिणाऱ्याने हा आकडा गाळला, आणि प्रयोग करणाऱ्यांनी तो लपवला नाही.

याच्या उलट उदाहरण जुलै २०२३ चे. दक्षिण कोरियातल्या एका गटाने एलके-९९ हा पदार्थ साध्या तापमानाला, साध्या दाबाला अतिसंवाहक असल्याचा दावा केला. लोहचुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याची चित्रफीत जगभर फिरली. जगातल्या कितीतरी प्रयोगशाळांनी पुढच्या आठवड्यांत तो पदार्थ बनवून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेलाही अतिसंवाहकता आढळली नाही. रोधात जी अचानक घट दिसली होती तिचे कारण भेसळीतले कॉपर सल्फाइड निघाले. जर्मनीत माक्स प्लांक संस्थेने शुद्ध स्फटिक बनवले, तर ते जांभळट, पारदर्शक आणि विद्युतरोधक होते. महिनाभरात प्रकरण मिटले. काही लोकांना ही विज्ञानाची नामुष्की वाटली. मला तर ते विज्ञान ठणठणीत असल्याचे लक्षण वाटते. दावा करणाऱ्यांनी स्वतःवर पहारा ठेवला नाही, तेव्हा बाकीच्यांनी ठेवला.

आता अर्थशास्त्र. इथे मोह सर्वांत मोठा, कारण उत्तराला राजकीय किंमत असते, आणि एकाच आकडेवारीवर दहा प्रकारे गणित मांडता येते. अबेल ब्रोदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन नामवंत नियतकालिकांत २००५ ते २०११ दरम्यान छापून आलेल्या सुमारे ५० हजार सांख्यिकी चाचण्या गोळा केल्या. संख्याशास्त्रीय मान्यतेच्या रेषेच्या अगदी अलीकडे निकालांचा खड्डा, आणि रेषेच्या पलीकडे उंचवटा! थोडक्यात नापास झालेले निकाल कुठे गेले? प्रारूप थोडे बदलून, एखादा चल वाढवून, ते काठावर पास करून घेतले असावेत. आम्हा संख्याशास्त्रज्ञांना हे रोगनिदान नवे नाही. अशी उत्तरपत्रिका आम्ही दुरूनच ओळखतो.

यावरचा उपाय ओरेगॉन राज्यात दिसला. २००८ साली तिथल्या सरकारकडे गरिबांच्या आरोग्यविम्यात सुमारे दहा हजार जागा होत्या आणि अर्ज आले जवळजवळ नव्वद हजार. सरकारने चिठ्ठ्या टाकल्या. ॲमी फिंकेलस्टाइन, कॅथरिन बायकर आणि सहकाऱ्यांना एक दुर्मिळ संधी मिळाली: विमा मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात फरक होता तो केवळ नशिबाचा. त्यांनी दोन्ही गटांची तुलना पाहण्याआधीच काय मोजणार, कसे मोजणार, कुठल्या गटांत वेगळे पाहणार, याचा आराखडा जाहीर नोंदवून ठेवला. मग निकाल आले. विम्यामुळे लोक दवाखान्यात जास्त गेले. औषधपाण्याच्या खर्चाने कंबर मोडण्याचे प्रकार फार कमी झाले. नैराश्यात ठळक घट झाली. पण दोनेक वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेहाचे माप यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम म्हणावा असा फरक आढळला नाही. आणि विमा असला की लोक तातडीच्या विभागात कमी येतील, हा अंदाज तर सपशेल उलटला. तिथली गर्दी सुमारे ४० टक्क्यांनी वाढली.

विमा हवा म्हणणाऱ्यांना यातले अर्धे आवडले, नको म्हणणाऱ्यांना उरलेले अर्धे. संशोधकांनी मात्र दोन्ही छापले, आणि आराखडा आधीच जाहीर असल्याने नावडता अर्धा भाग गाळायची वाट त्यांनी स्वतःच बुजवलेली होती. २०१३ पासून अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने अशा प्रयोगांची आगाऊ नोंदवही चालू केली आहे. सूक्ष्मवित्ताचेही असेच झाले. गरीब बाईच्या हाती लहानसे कर्ज दिले की घर वर येते, अशी जगभर श्रद्धा होती. हैदराबादच्या वस्त्यांसह सहा देशांतले चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग २०१५ साली एकत्र छापले गेले. कर्जाने हानी झाली असे दिसले नाही, छोट्या धंद्यांना थोडा हात मिळाला, पण गरिबी हटवणारा कायापालट कुठेच आढळला नाही. चांगल्या हेतूचीही मोजदाद होऊ शकते, आणि झाली पाहिजे.

या व्याख्यानात ज्यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, ते जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांचे विश्वरचनाशास्त्र सर्वांना माहीत आहे, पण पुण्यात २००८ साली त्यांनी केलेला एक प्रयोग मला त्याहून जवळचा वाटतो. फलज्योतिषाची चाचणी घ्यायची होती. ज्योतिष खोटे आहे असे भाषण ठोकणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी शंभर हुशार मुलांचे आणि शंभर मतिमंद मुलांचे जन्मतपशील जमवले. दोनशे पत्रिका झाल्या. त्या पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे यांनी सरमिसळ करून, सांकेतिक क्रमांक देऊन, बंदोबस्तात ठेवल्या. कुठली पत्रिका कुणाची हे ज्योतिषांना माहीत नव्हते, तसेच प्रयोग करणाऱ्यांनाही नव्हते. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका. कसोटीही आधीच ठरलेली: चाळीसपैकी अठ्ठावीस बरोबर आल्या तर यश मानायचे.

२७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के. सर्वांत चांगला निकाल चाळीसपैकी चोवीस. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका घेतल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी एवढेच झाले असते. या प्रयोगात मला मोलाचे वाटते ते हे, की त्यात ज्योतिषांवर अन्याय व्हायला वाव नव्हता. नारळीकरांचे मत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी ते मत किल्लीकुलपात ठेवले. अठ्ठावीस आले असते तर त्यांना तेही छापावे लागले असते. समोरच्याला जिंकायची खरी संधी ठेवून वाद घालणे, ही विवेकवादाची सर्वांत अवघड पायरी आहे. आपण बहुतेक जण तिच्या अलीकडेच थांबतो.

श्रोतेहो, शास्त्रज्ञांचे हे सगळे ऐकून ‘आपल्याला काय त्याचे’ असे कुणी म्हणेल. माझे म्हणणे असे, की ही शिस्त प्रयोगशाळेबाहेरच जास्त लागते. आपल्याकडे एखादी योजना, एखादा अभ्यासक्रम, एखादी मोहीम मोठ्या समारंभाने सुरू होते. तीन वर्षांनी अहवाल निघतो आणि यशाची व्याख्या अहवाल लिहिताना ठरते. जे वाढले ते मोजले जाते, जे घटले त्याचा उल्लेख राहून जातो. खोटे कुणी लिहीत नाही. चौथ्या झाडापाशी पडलेला तो मुलगाही खोटे बोलत नव्हता.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि तिला पैसा लागत नाही. ग्रामपंचायतीच्या पाणी योजनेपासून राज्याच्या अर्थसंकल्पापर्यंत, सहकारी बँकेच्या नव्या धोरणापासून शाळेच्या नव्या प्रयोगापर्यंत, ज्या दिवशी उद्घाटन होईल त्याच दिवशी एक कागद लिहून सर्वांसमोर ठेवावा: आपण काय मोजणार, कधी मोजणार, कोण मोजणार, आणि कुठला आकडा आला तर ही योजना फसली असे मान्य करणार. यातली शेवटची ओळ सर्वांत जड जाईल. यश कशाला म्हणायचे हे कुणीही सांगतो. अपयश कशाला म्हणायचे हे आधी लिहायला जो तयार नाही, त्याच्या यशाच्या आकड्यांवर आपण विश्वास ठेवू नये, मग तो मंत्री असो, प्राध्यापक असो की आपलाच कार्यकर्ता. हा कागद मागायचा हक्क आपला आहे, आणि पुढच्या ग्रामसभेत, पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो मागायला काहीच हरकत नाही.